आजी अंगणात का झोपत होत्या

‘घरातली मोठी माणसे फोनवर आलेला प्रत्येक मेसेज खरा मानतात आणि समजावायला गेले की भांडण होते, अशा वेळी काय करावे?’ हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो, की त्याचे उत्तर एका अनुभवातूनच सांगावेसे वाटते. कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील एक शिक्षिका नांदेडला माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या घरात सासू-सुनेचे बोलणे बंद होऊन दहा दिवस झाले होते. ‘आज पहाटे ३ ते ५ या वेळेत मोठा भूकंप होणार, नासाने कळवले आहे, लेकराबाळांना घेऊन बाहेर झोपा’ असा मेसेज आल्यापासून सासूबाई नातवाला घेऊन रोज अंगणात झोपत होत्या, आणि दिवस मार्गशीर्षातल्या थंडीचे होते. मुलाला खोकला झाला तेव्हा सुनेच्या तोंडून ‘आत्याबाई, अडाण्यासारखं काय करता’ असे निघून गेले. मी पुढच्या वेळी आजींनाही सोबत आणायला सांगितले.

आजींचे माहेर किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. त्यांत आजींचे थोरले भाऊ आणि भावजयही होत्या. बोलताना त्यांचा आवाज शांत होता, पदराचे टोक मात्र त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि पुन्हा सोडत होत्या. ‘आदल्या वर्षी हादरे बसालते तवा समदे म्हणालते, काही होत नाही, झोपा घरात. आता कुणीतरी आधी सांगालंय, तर ऐकू नको का, ताई?’

या वाक्यापाशी मला थांबावे लागले. १९९२ मध्ये किल्लारी भागात खरोखरच वारंवार हादरे बसले होते. ‘काही होत नाही’ हा दिलासा ज्यांना एकदा एवढा महागात पडला, त्यांना भोळे म्हणणे अन्यायाचे होते. सुनेचे ‘खोटे आहे’ हे शब्द त्यांना त्याच जुन्या दिलाशासारखे ऐकू येत होते. सूनबाईंना हे प्रथमच कळत होते. ‘आत्याबाई, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून ‘भूकंप होणार नाही’ असे मी म्हटले नाही, कारण तसे कोणालाच सांगता येत नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात काही मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले होते, तेव्हा आजींच्या भीतीला आधार होताच. मी एवढेच विचारले, की हा मेसेज लिहिणाऱ्याला पहाटे तीनची वेळ कशी कळली असेल?

मग तो मेसेज आम्ही तिघींनी मिळून वाचला, आणि सूनबाईंनी तो मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो कित्येक हातांतून फिरून आलेला. लिहिणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. ‘आज म्हंजे कवा?’ हे आजींनीच विचारले, आणि क्षणभराने म्हणाल्या, ‘ह्योच तर भाच्यानं पोळ्याच्या टायमालाबी धाडला होता.’ भूकंपाची नेमकी वेळ, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याचे शास्त्र आज जगात कोणाकडेही नाही. आपल्याकडे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र धक्क्यांची नोंद ठेवते, ती धक्का बसल्यानंतर. त्यामुळे घटका-वेळ सांगणारा मेसेज तेवढ्या एका गोष्टीवरूनच बाद होतो. भाच्याची माया खरी होती, पण ती माहिती त्याची नव्हती. माहिती पारखताना आपली सर्वांत मोठी गल्लत इथेच होते, असे मला वाटते. माणसावरचा विश्वास आपण त्याने पुढे पाठवलेल्या मजकुरालाही देऊन टाकतो.

नुसती शंका घ्यायला शिकवून मात्र आजींना झोप लागली नसती. मार्चच्या धक्क्यांनंतर, पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन प्रशासनाने केले होते. सूनबाईंना ते आठवत होते आणि त्यांच्या मागच्या खोलीवर दगड अजून तसेच होते. ही माहिती आजींसमोर ठेवली: सांगणारा कोण ते ठाऊक आहे, कारण डोळ्यांना दिसते, आणि ती कोणत्याही एका रात्रीची धमकी देत नाही. ‘हे मातर खरं,’ आजी म्हणाल्या. ‘दगडानंच मारलं आमच्या माणसायला.’

मला विचारणाऱ्यांना मी आता आधी हेच विचारते, की त्या मेसेजमधली कोणती गोष्ट तुमच्या माणसाला इतकी जवळची वाटली. ते कळेपर्यंत खरे-खोटे करायला बसू नये, आणि चारचौघांत तर मुळीच नाही.

महिनाभराने दोघी पुन्हा आल्या. दगड उतरवून पत्रे हुकांनी आवळले होते आणि नातू आत झोपत होता. आजीही घरातच झोपतात, पण खाट दाराला लागून टाकतात. ती तिथेच असू द्यावी, असे मी सूनबाईंना सांगितले.