होम व्हिजिटला एकटीनेच जायचंय, मुंबईत नर्सने स्वतःची काळजी कशी घ्यायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर होम केअरमध्ये पहिलाच जॉब लागलाय, एरिया गोवंडी ते पवई, आणि घरचे म्हणतायत झोपडपट्टीत एकटी जाऊ नकोस. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, मला उलटंच वाटतं. वस्तीत गल्लीच्या तोंडाशी पोचलं की चार बायका विचारतात, सिस्टर कुणाकडे, कोण आजारी, किती वेळ लागेल, वैताग येतो पण तुम्ही कुठल्या घरात शिरलात हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. जास्त सावध राहायचं ते टॉवरमध्ये, एसीमुळे दारं-खिडक्या बंद, शेजारी कोण राहतं कुणाला पत्ता नाही. तिथे गेटच्या रजिस्टरवर नाव आणि वेळ नीट लिहा आणि वॉचमनला सांगूनच वर जा की अर्ध्या तासात उतरते.

नवीन पेशंट असेल तर आधीच्या सिस्टरला फोन करा. घरात कोण पितं, कुत्रा बांधलेला असतो की मोकळा, दुपारी मुलगा एकटाच घरी असतो का, हे फाईलमध्ये कधीच नसतं.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन ८ तासांचं लावता येतं, लावाच, पण गल्लीत आत गेलं की नेटवर्क जातं म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. ऑफिसमधलं एक माणूस ठरवून घ्या, ठरल्या वेळेला तुमचा "निघाले" आला नाही तर त्याने फोन करायचा, आणि उचलला नाही तर पुढे कुणाला पाठवायचं, ११२ कधी लावायचा हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर सगळे म्हणत बसतात बिझी असेल. फोनवर गुपचूप मदत मागायला आमचं एक वाक्य ठरलेलं आहे, "शुगरच्या स्ट्रिप्स संपल्यात, कुणाला तरी पाठवा". पेशंटसमोर बोललं तरी कुणाला काही कळत नाही.

चपला दाराबाहेर काढाव्या लागतातच, तर बंद-बक्कलवाल्या घालू नका आणि काढताना तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा. बसायचं दाराजवळ. पेशंट पोटमाळ्यावर असेल तर उतरायला ती एकच लोखंडी शिडी असते, घरची एखादी बाई बरोबर असल्याशिवाय मी वर चढत नाही. आणि कुणाची नजर बरी वाटली नाही तर कारण शोधत बसू नका, मशीनचा सेल गेलाय, नवा घेऊन येते म्हणायचं आणि निघायचं. बीपी उद्या पण बघता येतं.

गुंडांची भीती सगळे घालतात, सुईचं कुणी बोलत नाही. शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) डबा बॅगेत हवाच, हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले हवेत. सुई टोचलीच तर दाबत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, एचआयव्हीची पीईपी (लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवी.

आता ऑफिसचं. पेशंटच्या घरी कुणी अंगचटीला आलं तर मॅनेजर लोक म्हणतात की ते बाहेर झालं, आम्ही काय करणार. तसं नाहीये. २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) कामानिमित्त गेलेली जागा, जाण्यायेण्याची कंपनीची गाडी धरून, कामाचं ठिकाणच मानतात, आणि तिथे भेटणाऱ्या लोकांपासून सुरक्षा देणं मालकाचं काम आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तक्रार लेखी आणि साधारण ३ महिन्यांच्या आत. पोलिसात जायचं तर कुठल्याही स्टेशनला झिरो एफआयआर होतो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

जॉइन व्हायच्या आधी एवढंच विचारा, मी एखादी व्हिजिट सोडून निघून आले तर पगार कापणार का? गोलगोल उत्तर आलं तर दुसरीकडे बघा, मुंबईत नर्सला कामाची कमी नाही.