नेमबाजीचं विचारा: आधी ग्रुप, मग झिरो

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न साइटबद्दलचेच आहेत, म्हणून ते सगळे एकत्रच घेतेय. ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटचा पुंजका, आणि झिरो म्हणजे तो पुंजका टारगेटच्या मध्यावर येईल अशी साइट लावणं. स्कोप नाही, रेड डॉट नाही, साधी लोखंडी साइट, पुढे फोरसाइट आणि मागे पीप (बघायचं बारीक छिद्र) किंवा खाच. आपल्याकडची बहुतेक मुलं यावरच सुरुवात करतात, आणि ऑलिम्पिकच्या रायफल इव्हेंटमध्येही स्कोप चालत नाही.

मॅडम, मुलगी आठवीत आहे, क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल करते. शॉट डावीकडे वरती सात-आठच्या रिंगमध्ये जातात. मी मागे उभा राहून साइट फिरवून देतो, तर पुढचा शॉट उजवीकडे जातो, परत फिरवली की खाली जातो. साइट खराब झालीय का? नवीन घ्यावी का?
– एक पालक, सांगली

साइट घेऊ नका. त्या पैशात चांगले पेलेट (एअर रायफलचे छर्रे) आणा, आणि पुढचे काही दिवस साइट सरकवणाऱ्या त्या नॉबला हात लावू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

बघा, १० मीटरच्या टारगेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक रिंग चारही बाजूंनी अडीच मिलिमीटरने मोठी होत जाते. शिकणाऱ्या मुलीचा ग्रुप १५ मिलिमीटरचा असणं अगदी नॉर्मल आहे. म्हणजे साइट एकदम परफेक्ट झिरो असली तरी तिचा एखादा शॉट मध्यापासून सात मिलिमीटर लांब जाणारच, कधी डावीकडे कधी खाली. तो शॉट बघून तुम्ही साइट उजवीकडे आणता, पण पुढचा शॉट मुळातच उजवीकडे जाणार असतो, त्यात तुमचे क्लिक (नॉब फिरवताना लागणारे खटके) जमा होतात आणि तो अजूनच लांब पडतो. प्रत्येक शॉटमागे पूर्ण करेक्शन दिलं तर ग्रुप साधारण १.४ पट मोठा होतो, हे साधं गणित आहे. म्हणजे मुलगी जेवढं चांगलं मारतेय त्यापेक्षा वाईट तुमच्या मदतीमुळे दिसतंय, आणि तिला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला वाईट याचंच वाटतं.

मग करायचं काय? एकाच कार्डवर पाच शॉट, साइटला हात न लावता. त्याच्याही आधी एक गोष्ट, तिला पोझिशन घेऊन डोळे मिटून दोन श्वास घ्यायला सांगा आणि मग डोळे उघडून बघू दे की फोरसाइटच्या रिंगमध्ये काळा गोल आपोआप आलाय का. बाजूला गेला असेल तर पाय हलवायचे, हाताने रायफल ओढून आणायची नाही. ओढून आणलेल्या रायफलवर केलेला झिरो दुसऱ्या दिवशी टिकत नाही. आणि रायफल एका बाजूला कलतेय का तेही बघा, कारण ज्या बाजूला कलते त्या बाजूला आणि थोडं खाली शॉट जातो, तिथे कितीही क्लिक दिले तरी आज जमलेलं उद्या जमत नाही.

पाच शॉट झाले की त्यांचा मध्य काढा. एखादा शॉट सुटताना तिलाच कळलं असेल की हा गेला, तर तो सोडून द्या, पण हे तिने कार्ड बघायच्या आधी सांगायला हवं. समजा मध्य ६ मिलिमीटर डावीकडे आणि ३ वर आहे. आता एक क्लिक किती सरकवतो? हे साइटप्रमाणे बदलतं, म्हणून मोजून घ्या. मुद्दाम २० क्लिक एका दिशेला द्या, परत पाच शॉट घ्या. ग्रुप ५ मिलिमीटर सरकला तर एक क्लिक पाव मिलिमीटरचा. ते २० क्लिक परत घ्या, आणि मग मूळ जागेपासून २४ क्लिक उजवीकडे, १२ खाली. परत पाच शॉट, थोडं राहिलं असेल तर बारीक करेक्शन. संपलं.

मागची साइट ज्या दिशेला जाते त्याच दिशेला शॉट जातो. आता नॉबवरची अक्षरं. जर्मन बनावटीच्या साइटवर एच, टी, एल, आर असं असतं आणि आपल्याकडे यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. शॉट वर गेला तर एचकडे फिरवायचं, खाली गेला तर टीकडे, डावीकडे गेला तर एलकडे. म्हणजे अक्षर चूक सांगतं, शॉट कुठे न्यायचाय ते सांगत नाही. काही दुसऱ्या बनावटीच्या साइटवर बरोबर उलट असतं. वर सांगितलेल्या २० क्लिकच्या टेस्टमध्ये तुमच्या साइटचं काय ते कळेलच. जुन्या साइटच्या स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असते, म्हणून उलट फिरवताना दोन-तीन क्लिक पुढे जाऊन मग मागे येऊन थांबा, म्हणजे शेवटचा क्लिक नेहमी एकाच बाजूने लागतो.

आणि साइट फिरवताना रायफल अनलोड, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) चेंबरमध्ये, नळी टारगेटकडे. घाईत असाल तरी.

आमच्या क्लबमध्ये एका रायफलवर चार जण आहोत. माझा नंबर येईपर्यंत साइट कुठच्या कुठे गेलेली असते. रोज अर्धा वेळ झिरोमध्येच जातो.
– नाशिक

रोज नव्याने झिरो करायची गरजच नाही. चौघांनी मिळून एक बेस ठरवा, म्हणजे नॉब एका टोकाला लागेपर्यंत हळू फिरवायचा (जोर लावायचा नाही) आणि तिथून प्रत्येकाने आपापले क्लिक मोजून डायरीत लिहायचे. तुझी गालाची जागा वेगळी, डोळा पीपमागे वेगळा बसतो, त्यामुळे चौघांचा झिरो वेगळाच असणार, त्यात कुणाचं चुकत नाही. सोबत पेलेटचा डबाही लिहून ठेव. ४.४९, ४.५०, ४.५१ असे हेड साइज येतात, ब्रँड किंवा साइज बदलली की ग्रुप सरकू शकतो. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशरही बघत जा, ते फार खाली गेलं की शॉट खाली पडायला लागतात आणि पोरं साइट वर चढवत बसतात. आधी हवा भर, मग साइटकडे बघ.

मॅडम, एनसीसी कॅम्पला .२२ ने माझे पाचही राउंड एकदम जवळ लागले, पण टारगेटच्या खाली डाव्या कोपऱ्यात. उस्ताद शाबास म्हणाले, मित्र म्हणतात एकही मध्ये नाही तर कसली शाबासकी?
– कॅडेट, लातूर

उस्ताद अगदी बरोबर आहेत. ग्रुपिंगमध्ये ग्रुप किती छोटा आहे तेच मोजतात, कुठे लागला ते नाही. छोटा ग्रुप मध्यावर आणायला थोडा वेळ लागतो, पण विखुरलेले राउंड जवळ आणायला महिने लागतात. तुझ्याकडे अवघड गोष्ट आहे, अभिमान बाळग.

आता तो कोपऱ्यात का गेला ते बघायचं तर त्याच रायफलवर आधी-नंतर फायर केलेल्यांचे टारगेट बघ. सगळ्यांचेच खाली डावीकडे असतील तर रायफलचा झिरो गेलाय, उस्तादांना सांग. एकट्या तुझाच असेल तर ट्रिगर झटक्याने दाबतोयस का, किंवा फोरसाइटचं टोक खाचेत दरवेळी खालीच ठेवतोयस का ते तपास. फोरसाइट हलवून झिरो करतात तेव्हा दिशा उलटी असते, ग्रुप डावीकडे असेल तर फोरसाइट डावीकडेच सरकवायची, ग्रुप खाली असेल तर तिची उंची कमी करायची. पण हे काम आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं), तू स्वतः ठोकाठोकी करू नकोस. तोपर्यंत परवानगी घेऊन ग्रुप जेवढा खाली डावीकडे आहे तेवढाच वर उजवीकडे नेम धर.

वय ५२. फोरसाइट स्पष्ट दिसली की टारगेट धूसर, टारगेट दिसलं की फोरसाइट गायब.
– ठाणे

टारगेट धूसरच राहू द्या. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, आणि स्पष्ट हवी ती फोरसाइट. वाचायचा चष्मा फार जवळचा होतो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना फोरसाइटचं अंतर मोजून सांगा आणि त्याचा नंबर काढून घ्या. पीपमध्ये छिद्र कमी-जास्त करणारी आयरिस बसवली तर बारीक छिद्रातून दोन्ही बऱ्यापैकी दिसतं, पण फार बारीक केलं की अंधारतं. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीचा ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावा, नियमात बसतो. चष्मा किंवा आयरिस बदलली की झिरो पुन्हा तपासा.

५० मीटर थ्री पोझिशन सुरू केलंय. प्रोनचा (पालथं झोपून) झिरो नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) चालत नाही आणि स्टँडिंगमध्ये (उभं राहून) तर अजिबातच नाही. असं का?
– कोल्हापूर

कारण रायफल तीच असली तरी तू तिला तीन वेगळ्या तऱ्हेने धरतेस. स्लिंगचा (हाताला बांधायच्या पट्ट्याचा) ताण, खांद्याचा टेकू, मान किती वाकते, डोळा पीपपासून किती लांब, सगळंच बदलतं, आणि गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल जी बारीकशी हलते ती दिशाही बदलते. म्हणून तिन्हीसाठी वेगळे क्लिक, वेगळी नोंद. तुझ्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटमध्ये ४५१.४ करून ब्रॉन्झ आणलं. त्या फायनलमध्येही नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशा तीन पोझिशन एकामागोमाग असतात, मधल्या वेळात रायफलची मांडणी आणि साइट दोन्ही बदलून सायटिंग शॉट (गुणांत न धरले जाणारे चाचणीचे शॉट) घ्यायचे असतात. तिथे आठवणीवर भागत नाही, आकडे पाठ लागतात.

आणि ५० मीटरला वारा आहे. झोत आला असताना झिरो करू नकोस. वाऱ्याची दिशा दाखवणारा फ्लॅग बघ, त्या दिवशी जो वारा सगळ्यात जास्त वेळ टिकतोय त्यातच पाच शॉट घे, आणि डायरीत क्लिकच्या शेजारी फ्लॅग कुठे होता त्याचं छोटं चित्र काढून ठेव.