गाडीतच मुक्काम असेल, तर हत्यारांच्या पेटीत काय हवं? वाचकांची प्रश्नोत्तरे

सोयाबीन निघालं की गाडीत गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी टाकून चिखलदरा, लोणार किंवा नागझिऱ्याकडे निघणारी कुटुंबं आता गावोगावी दिसतात. कुणाची तयार कॅरॅव्हॅन असते, कुणी जुन्या ट्रॅव्हलरला किंवा विंगरला आतून प्लाय मारून घेतलेली असते. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो.

ऑनलाइन शंभरावर तुकड्यांची हत्यारांची पेटी स्वस्तात मिळते आहे. सहलीसाठी घेऊ का? (दर्यापूर)

घेऊ नका. तुकड्यांचा आकडा फुगवण्यासाठी त्यात पेचकसाची बारीक टोकं भरलेली असतात. गोट्या (बोल्टवर बसणारे सॉकेट) नरम धातूच्या निघाल्या की पहिल्याच जाम बोल्टवर त्यांची तोंडं फाकतात आणि बोल्टचे कोपरेही गोल होतात. मग चांगला पानासुद्धा तिथे पकड घेत नाही. तुमच्या गाडीला कोणते पाने लागतात ते तुमच्या मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. बहुतेक गाड्यांचं काम 8, 10, 12, 13, 14, 17 आणि 19 च्या रिंग पान्यांत भागतं. सोबत पक्कड, दोन पेचकस, हातोडी, डोक्याला बांधायची बॅटरी, वायरीत वीज येते का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प आणि जाड हातमोजे ठेवा. निघण्याआधी अंगणात प्रत्येक पाना त्याच्या बोल्टवर बसवून पाहा. काही बोल्टांपर्यंत पाना पोचतच नाही, आणि हे रस्त्यात कळून उपयोग नसतो.

कंपनीने गाडीसोबत दिलेला जॅक पुरेल का? (पुसद)

तो कंपनीच्या मूळ वजनासाठी दिलेला असतो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी साधारण 50-60 किलोची, त्यावर पलंग, प्लाय आणि माणसांचं सामान. सगळं भरलेली गाडी एकदा जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या धर्मकाट्यावर चढवा. तो आकडा आरसीतल्या कमाल वजनाच्या वर गेला, तर आधी सामान उतरवा, जॅकचं नंतर बघा. आकडा मर्यादेत असेल तर तो मिस्त्रीला सांगून त्या भाराचा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा) घ्या.

आपल्याकडे खरी अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसाने भिजली की जॅक गाडीला उचलत नाही, स्वतःच खाली रुततो आणि तिरका होतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड-दोन इंच जाड सागवानी फळी जॅकखाली लागतेच. चाक अडवायला लाकडाचे दोन ठोकळे ठेवा. नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे, उचलल्यावर पूर्ण काढायचे आणि बसवताना समोरासमोरचे आवळत जायचे. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही.

ट्यूबलेसचं पंक्चर किट आहे. तरी स्टेपनी न्यायची? (आर्वी)

न्यायचीच. टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग नाही.

क्लच दिवाळीपासून घसरतो आहे. प्लेट घेऊन ठेवली आहे. वाटेत गेलाच तर तिथेच बदलून घेऊ, चालेल? (उमरखेड)

नाही. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जे खराब झालंय हे आज ठाऊक आहे, ते निघण्याआधीच बदलायचं. चिखलदऱ्याच्या चढावर भरलेल्या गाडीचा क्लच सुटला तर मागच्या वाहनांचं काय होईल, याचाही विचार करा. प्लेट घरात पडून आहे, तर याच आठवड्यात गाडी गॅरेजला लावा.

भाऊ, आमच्या गाडीत मागच्या लाइनचा 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडत होता. गावातल्या वायरमनने 30 चा टाकून दिला, तेव्हापासून त्रास नाही. सोबत 30 चे किती फ्यूज ठेवू? (मूल)

एकही नाही. तो 30 चा फ्यूज आजच काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत ती लाइन बंद ठेवा.

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो आणि सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. फ्यूज पंख्याला किंवा फ्रिजला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. 15 च्या फ्यूजमागची वायर त्याच हिशोबाने घातलेली असते. तिथे 30 टाकला की फ्यूज शांत राहतो आणि वायर तापते. ही वायर जाते कुठून? पत्र्याचं छत आणि प्लाय यांच्या मधून, फोमला चिकटून. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात सावलीतच 45 अंश असतात, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी गरम. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंशांपर्यंतचं असतं, म्हणजे प्रवाह सुरू होण्याआधीच तिची बरीचशी सहनशक्ती संपलेली असते. आवरण मऊ पडून तांबं पत्र्याला टेकलं की आग आतल्या आत धुमसते. फोम आणि प्लायमुळे ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि आत मुलं झोपलेली असतात.

आता फ्यूज उडत का होता ते पाहू. 12 व्होल्टवर 60 वॅटचा फ्रिज 5 अँपिअर ओढतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. दोन पंखे आणि दिवे मिळून आणखी 4-5. त्याच लाइनच्या सॉकेटमध्ये हवा भरायचा पंप लावला की तो एकटाच 10 ते 15 मागतो. म्हणजे फ्यूज त्याचं काम चोख करत होता. पंप चिमट्यांनी थेट बॅटरीवर लावा आणि त्याच्या वायरीत त्याचा स्वतःचा फ्यूज आहे ना ते बघा. फ्रिजला वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज हवा. प्रत्येक लाइनचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावा. तो दूर असेल तर मधल्या वायरला कुणीच वाली नसतो.

पंप काढूनही फ्यूज उडत असेल तर वायर कुठेतरी घासलेली आहे. पत्र्याच्या भोकातून ती जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नसेल, तर पहिली शंका तिथेच घ्या. फ्यूजचा होल्डर तपकिरी पडला असेल किंवा वितळल्यासारखा दिसत असेल, तर पकड सैल झाली आहे. होल्डरच बदला.

पेटीत गाडीत जे आहेत त्याच अँपिअरचे प्रत्येकी दोन फ्यूज ठेवा. रंग ओळखा: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. एक जादा होल्डर आणि त्याच जाडीची दोन मीटर वायर असू द्या. फ्यूज उडाला की सगळी बटणं बंद करून तसाच दुसरा घाला. दुसराही उडाला तर तिसरा घालू नका, ती लाइन बंद ठेवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. फ्यूजला चांदीचा कागद किंवा तार गुंडाळून चालवणं हा शहाणपणा नाही, कुणी कितीही अनुभव सांगितला तरी. बॅटरीवर काम करताना ऋण टोक आधी सोडायचं आणि शेवटी जोडायचं, नाहीतर पाना घसरून पत्र्याला लागला की ठिणगी पडते. दाराजवळ, झोपेतून उठून हाताला येईल असा ड्राय पावडरचा अग्निशामक हवा, आणि त्याचा काटा हिरव्यात हवा. घरातली वायरिंग करणारा माणूस चांगला असेल, पण हे काम गाडीच्या वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या.

रेडिएटरमध्ये कमी पडलं तर हातपंपाचं पाणी चालेल ना? (दर्यापूर तालुका)

तुम्ही तर खारपाणपट्ट्यातले. पूर्णेकाठच्या त्या खाऱ्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर सोबत ठेवा. अगदीच अडल्यावर साधं पाणी घातलं, तर परतल्यावर सगळं काढून नवीन भरून घ्या. सोबत रेडिएटरचा होज, दोन क्लिपा आणि फॅन बेल्ट असू द्या, पण गाडीचा नंबर दाखवून घेतलेला. तापलेल्या इंजिनवर झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं, मुलांपासून लांब ठेवा. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर वर भरत बसू नका, गळती शोधून घ्या.

गॅसची जादा नळी ठेवू का? (धारणी)

नळीवर छापलेली तारीख पाहा. मुदत संपत आली असेल तर आताच एजन्सीकडून बदलून घ्या, वाटेत बदलू नका. गाडी चालताना रेग्युलेटर बंदच हवा.

कॅरॅव्हॅन भाड्याने घेतो आहोत. हत्यारांची चिंता मालकाची ना? (यवतमाळ)

चावी घेण्याआधी मालकाकडून जॅक, चाकाचे नट खोलायची टॉमी, स्टेपनीची हवा आणि फ्यूज बॉक्स दाखवून घ्या. चाकाला लॉक नट असेल तर त्याची चावी कुठे आहे तेही विचारा, ती नसेल तर स्टेपनी असून चाक निघत नाही. जॅक पलंगाखाली सामानाच्या तळाशी असेल, तर तो दाराजवळ खाली पट्ट्याने बांधून ठेवायला लावा. बिघाड झाल्यास तुम्ही काय खोलायचं आणि काय नाही, हे करारात लिहून घ्या.