रायझन ७ ७८००एक्स३डीसाठी महागडा एक्स६७०ई मदरबोर्ड बी६५०पेक्षा जास्त टिकतो का?

नाही, निव्वळ टिकाऊपणासाठी एक्स६७०ई घेऊ नका. चांगला बी६५० पुरतो. हा प्रोसेसर जास्तीत जास्त १६२ वॉट ओढतो आणि हीटसिंक असलेला मधल्या किमतीचा व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज पुरवणारा मदरबोर्डवरचा भाग) तेवढा भार सहज पेलतो. एक्स६७०ईवर बी६५०चीच चिप दोनदा असते, म्हणजे जास्तीचे पैसे मुख्यतः पीसीआयई लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडण्याचे मार्ग) आणि यूएसबी पोर्टांचे. खरा धोका वेगळाच आहे: २०२३मध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारे व्होल्टेज) फार चढल्याने प्रोसेसर जळाले, त्यातून महागडे बोर्डही सुटले नाहीत. म्हणून आधी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करा, मगच एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) लावा आणि ते एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टच्या आत आहे ना, ते बघा. मात्र २३० वॉटपर्यंत ओढणारा ७९५०एक्स प्रोसेसर तासन्तास रेंडरिंगला जुंपणार असाल, तर दणकट व्हीआरएमवर खर्च जरूर करा.