नव्या ड्रमरकडून नेमकी अपेक्षा कशाची?

तुमचा प्रश्न असा, की ड्रमर माइक मँजिनी एवढा तयारीचा असूनही ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या बऱ्याच चाहत्यांनी त्याला शेवटपर्यंत आपलं का मानलं नाही, आणि बदली ड्रमरकडून अपेक्षा तरी काय ठेवायची.

आधी रिकामी झालेली जागा केवढी होती ते बघा. सप्टेंबर २०१० मध्ये आधीचा ड्रमर माइक पोर्टनॉय बँड सोडून गेला. तो नुसता ड्रमर नव्हताच. रोजच्या कार्यक्रमात कोणती गाणी घ्यायची हे तो ठरवायचा, गिटारवादक जॉन पेट्रुचीबरोबर अल्बमची निर्मिती करायचा, गाणी लिहायचा, चाहत्यांशी थेट बोलायचा. मँजिनीला मिळालं फक्त ड्रम्सचं स्टूल, आणि लोकांनी हिशेब मागितला सगळ्याचा. ऑडिशनला आलेल्या सात जणांत व्हर्जिल डोनाटी, मार्को मिनमन असे दिग्गज होते. त्यांच्यातला कोणीही निवडला गेला असता तरी हेच झालं असतं, असं माझं मत.

'वाजवतो अचूक, पण फील नाही', म्हणजे वाजवण्यात भाव नाही, हा शेरा तर ठरलेलाच. मँजिनीचा बँडबरोबरचा २०११ चा पहिला अल्बम ऐकताना एक लक्षात ठेवा: ड्रम्सचा कच्चा आराखडा पेट्रुचीने आधीच प्रोग्रॅम करून ठेवला होता, मँजिनी गाण्यांच्या रचनेला हजरच नव्हता. दुसऱ्याच्या आराखड्यावर वाजवून घ्यायचं आणि वर म्हणायचं, याचा स्वतःचा आवाज कुठाय! बऱ्याच जणांचा राग खरं तर स्नेअरच्या (मुख्य ठोक्याच्या ड्रमच्या) आवाजावर आणि मिक्सिंगवर (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्यावर) होता, तोही त्याच्याच नावावर जमा झाला. २०२२ मध्ये बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं ते 'द एलियन' या गाण्यासाठी, ड्रम्सवर मँजिनीच. तरी २०२३ मध्ये पोर्टनॉय परतल्यावर जल्लोष झाला तो झालाच.

'येस' या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १९७२ मध्ये त्यांचा ड्रमर बिल ब्रुफर्ड किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि अ‍ॅलन व्हाइटने जेमतेम तीन दिवसांत सगळी गाणी बसवून दौरा गाठला. 'येससाँग्स' या लाइव्ह अल्बममध्ये दोघंही सापडतात. 'पर्पेच्युअल चेंज'वर ब्रुफर्ड आहे. स्नेअरचा तो टणक, कोरडा ठोका लगेच कळतो. मग 'क्लोज टू द एज' लावा. तिथे व्हाइट जड हाताने, रॉकच्या अंगाने वाजवतो. मूळची नजाकत कमी होते, वजन वाढतं. मला मूळच आवडतं, पण व्हाइटने नक्कल केली असती तर तो २०२२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, टिकला नसता.

म्हणून जुन्या गाण्यांचा दौरा असेल तर माझी अपेक्षा वेगळी, नवा अल्बम असेल तर वेगळी. रश या कॅनेडियन बँडने २०२६ च्या दौऱ्यासाठी, दिवंगत ड्रमर नील पिअर्टच्या जागी, आनिका निलेसला घेतलं. 'टॉम सॉयर' या गाण्यातले पिअर्टचे फिल (दोन ओळींमधले ड्रम्सचे छोटे तुकडे) म्हणजे जवळपास गाण्याची चालच, प्रेक्षक ते हवेत हात फिरवून वाजवतात. तिथे ते जसेच्या तसे मागणं रास्त आहे. नवा अल्बम आला तर मात्र आधी विचारा, रचना चालू असताना ड्रमर खोलीत होता का.