नोकरी सोडून पूर्णवेळ जमिनीच्या खरेदी-विक्रीत उतरू का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या तिशीतल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यासमोर एखादा चुलतभाऊ किंवा मित्र असतो. त्याने कोल्हापूरजवळ उचगाव-पाचगावच्या बाजूला प्लॉट घेतले, विकले आणि दारात स्कॉर्पिओ उभी केली. ते प्लॉट कुणाच्या पैशावर घेतले होते, हे मात्र सहसा कुणी विचारलेलं नसतं.

निखिल (नाव बदललं आहे) शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला होता. पगार 42 हजार, मुलगी दोन वर्षांची. शहर हद्दीतला एक प्लॉट त्याने 2019 मध्ये 14 लाखांना घेऊन 2024 मध्ये 21 लाखांना विकला होता. "मॅडम, बसल्या जागी सात लाख," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सोबत आलेल्या वडिलांचं म्हणणं एवढंच, "प्लॉट म्हंजे म्हस न्हवं, सकाळ-संध्याकाळ दूध द्यायला."

मी त्याच्यापुढे वही सरकवली. मुद्रांक शुल्क अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 84 हजार. नोंदणी फी 14 हजार. घेताना आणि विकताना 2-2 टक्के दलाली, 70 हजार. वकील, मोजणी आणि तारेचं कुंपण मिळून 60 हजार. सात लाखांचे 4 लाख 72 हजार उरले. त्याला 60 महिन्यांनी भागल्यावर आकडा आला आठ हजारांच्या आतला, आणि त्यात कर धरलेलाच नव्हता. निखिलने भागाकार दोनदा करून पाहिला. वडील खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकत होते.

प्लॉट वाईट नव्हता. पगार चालू होता म्हणूनच तो पाच वर्षं थांबू शकला. हप्ते आणि दूध-भाजी त्याच व्यवहारातून भागवायची असती, तर 2021 च्या पुरानंतर गिऱ्हाईक थंडावलं तेव्हाच त्याने मिळेल त्या भावाला विकला असता.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "या सगळ्यात तुला आवडतं काय?" तो उत्साहाने फेरफारांबद्दल, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदींबद्दल बोलू लागला. मित्रासाठी त्याने एका स्वस्त गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटची कागदं तपासली होती. सातबाऱ्यावर एका बहिणीचं नाव लागायचं राहिलं होतं आणि जागा पंचगंगेच्या निळ्या पूररेषेत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यात येत होती. मित्राने बयाणा दिला नाही. हे सांगताना त्याचा चेहरा सात लाखांच्या गोष्टीपेक्षा जास्त खुलला होता.

म्हणजे त्याला गुंतवणूकदार व्हायचंच नव्हतं. गुंतवणूकदाराला अडकून पडलं तरी चालेल असं भांडवल लागतं, आणि खरेदीखत झाल्यावर त्याला रोजचं असं काम फारसं उरतही नाही. एजंटाचं काम ओळखी आणि पायपीट यांवर चालतं. विकसकाला त्याउपर परवानग्या आणि कर्जही सांभाळावं लागतं. मुलं या तिघांना सरसकट 'रिअल इस्टेट' म्हणतात आणि स्कॉर्पिओवाल्या एजंटाकडे बघून गुंतवणूकदाराची स्वप्नं रंगवतात.

आम्ही ठरवलं ते असं. नोकरी चालू ठेवायची. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री करायची तर एजंटाची नोंदणी लागते, आणि 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची आहे, ती आधी द्यायची. सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्या खरेदीदारांची कागदं फी घेऊन पाहायची, कायदेशीर अभिप्राय मात्र वकिलाचाच. वडिलांच्या फंडाला हात लावायचा नाही. ही अट माझी नव्हे, त्याच्या बायकोची, आणि मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटली. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला आणि सलग सहा महिने या कामातून निम्म्या पगाराइतके पैसे सुटले, की राजीनाम्याचा विषय काढायचा.

तो परीक्षा पास झाला आहे. काही महिने फी चांगली येते, काही महिने काहीच नाही, त्यामुळे सहा महिन्यांची मोजणी दोनदा पहिल्यापासून सुरू झाली. फौंड्रीत त्याने फक्त पाळी बदलून रात्रपाळी मागितली. तलाठी कार्यालय दिवसाच उघडं असतं.