आधी चाचणी, मग कोड : मुक्तस्रोत प्रकल्पात सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : आम्ही जळगाव जिल्ह्यातील काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून गेली चार वर्षे कापूस उत्पादकांसाठी हिशेबाची एक मुक्तस्रोत (जिचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशी) प्रणाली पायथन या संगणकभाषेत लिहीत आहोत. काट्याची पावती, ओलाव्याची कपात, हमाली आणि शेवटी हाती येणारी रक्कम एवढेच तिचे काम आहे. गेल्या हंगामात एक चूक दुरुस्त करताना दुसरेच काही बिघडले आणि अनेक पावत्यांत फरक आला. म्हणून ‘यापुढे आधी चाचणी, म्हणजे कोडचे उत्तर बरोबर येते का हे तपासणारा छोटा कोड, लिहिल्याशिवाय कोणाचाही कोड स्वीकारायचा नाही’ असा नियम मी सुचवला. निम्मे सहकारी म्हणतात की, स्वतःचा वेळ विनामोबदला देणाऱ्या माणसावर दुप्पट काम लादले तर तो निघून जाईल. जुन्या कोडच्या सुमारे नऊ हजार ओळींना एकही चाचणी नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची भीती खरी आहे आणि आपला आग्रहही योग्य आहे. मला फक्त नियम लावण्याची जागा बदलावीशी वाटते. सगळ्या नव्या कोडला एका दिवसात ही अट घालण्याऐवजी पहिल्या हंगामापुरती ती केवळ चूकदुरुस्तीला घालावी : कोणतीही चूक दुरुस्त करण्यापूर्वी ती उघडी पाडणारी, म्हणजे आजच्या कोडवर नापास होणारी, एक चाचणी लिहिली गेली पाहिजे. चूक शोधताना ती पुन्हा घडवून पाहावीच लागते. ते हाताने करण्याऐवजी पाच-सात ओळींत लिहून ठेवायचे, एवढाच भार वाढतो. आणि तीच पावती पुढे कधी पुन्हा बिघडली, तर ते शेतकऱ्याच्या आधी आपल्याला कळते.

‘दुप्पट काम’ या शब्दांमागे एक गैरसमज आहे, तो आधी दूर करू. सॉफ्टवेअरतज्ज्ञ केंट बेक यांनी १९९० च्या दशकात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या कार्यपद्धतीच्या अंगाने ‘आधी चाचणी, मग कोड’ ही पद्धत पुढे आणली आणि १९९७ मध्ये एरिक गामा यांच्यासोबत जेयुनिट हे चाचणीचे साधन लिहिले. पद्धतीचा फेरा अगदी लहान आहे. एक छोटी चाचणी लिहायची आणि ती नापास होते हे डोळ्यांनी पाहायचे. ती उत्तीर्ण होण्यापुरताच कोड लिहायचा. मग सर्व चाचण्या उत्तीर्ण ठेवून त्या कोडची रचना सुधारायची. नापास होताना न पाहिलेली चाचणी खरोखर काही तपासते की नाही, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून पहिली पायरी गाळू नये. तिसरी गाळली तर कोड चालतो, पण सहा महिन्यांनी तो लिहिणाऱ्यालाच वाचून समजत नाही.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांच्या ओलाव्याला पूर्ण दर धरला जातो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे दरात १ टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांहून अधिक ओला कापूस घेतला जात नाही. समजण्यासाठी क्विंटलचा दर ७,००० रुपये धरला, तर १० टक्के ओलाव्याला १४० रुपये कपात होऊन ६,८६० रुपये मिळायला हवेत. ही झाली पहिली चाचणी. दुसरी ८ टक्क्यांची, तिथे ७,००० हेच उत्तर हवे. तिसरी बरोबर १२ टक्क्यांची, तिथे ६,७२०. चौथी १२.१ टक्क्यांची, आणि तिथे रक्कम येताच कामा नये, नकाराचा स्पष्ट संदेश यायला हवा. पाचवी साडेआठ टक्क्यांची चाचणी लिहायला बसलात की हात थांबतो : कपात अर्धा टक्का की पूर्ण एक? हा प्रश्न खरेदी केंद्रावर जाऊन विचारावा लागेल, आणि तो कोड लिहिण्याआधी सुचला हाच या पद्धतीचा माझ्या लेखी सर्वांत मोठा लाभ आहे. चाचणी नंतर लिहिणारा माणूस बहुधा कोडने दिलेले उत्तरच बरोबर मानून चालतो.

पैशांच्या पूर्णांकनालाही हेच लागू आहे. पायथनमध्ये अडीचचे पूर्णांकन केले तर उत्तर २ येते, कारण नेमक्या अर्ध्यावरची संख्या तिथे जवळच्या सम संख्येकडे नेली जाते. आपल्याकडे वहीत हिशेब लिहिणारा मनुष्य मात्र ३ लिहितो. प्रणालीने काय करायचे ते आपण ठरवावे, पण ठरवलेले चाचणीत लिहावे आणि रक्कम दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवावी. आपल्या गेल्या हंगामातील फरकांचे मूळही येथेच असण्याचा संभव आहे, म्हणून पहिली तपासणी येथून करावी.

आता त्या नऊ हजार ओळी. त्या सर्वांना चाचण्या लिहिण्याचा संकल्प करू नये, तो पूर्ण होत नाही. सॉफ्टवेअरतज्ज्ञ मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडसाठी सुचवलेला मार्ग येथे उपयोगी आहे : कोडने काय करायला हवे ते बाजूला ठेवून, तो आज काय करतो एवढेच चाचणीत नोंदवायचे. मागील हंगामातील शे-दोनशे पावत्या घ्या, शेतकऱ्यांची नावे आणि खाते क्रमांक काढून टाका, त्या जुन्या कोडमधून चालवा आणि येणारी उत्तरे जशीच्या तशी जपून ठेवा. एखादे उत्तर चुकीचे दिसले तरी त्या क्षणी ते बदलू नका. तशी नोंद करून त्याची दुरुस्ती स्वतंत्रपणे करा, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले याचा माग राहत नाही. हे काम दसऱ्याच्या आत व्हावे. केळीबागेभोवती वारा अडवणारी शेवरी लागवडीच्या वेळीच लावतात, उन्हाळी वादळात बाग आडवी झाल्यावर लावत नाहीत. खरेदीचा हंगाम सुरू झाल्यावर आपल्यालाही हे करायला सवड मिळणार नाही.

मराठीत काम करणाऱ्या प्रकल्पाने एक चाचणी आवर्जून लिहावी. भुसावळ तालुक्यातील ‘कुऱ्हे’ हे गावाचे नाव दोन कळफलकांवर दोन प्रकारे टंकित होऊ शकते : एकात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडलेला असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन गावे होतात, आणि युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. एकाच गावाच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या गेल्या आहेत का, ते आपल्या प्रणालीत पाहावे.

सहकाऱ्यांच्या आक्षेपाला आकड्यांचा आधारही आहे, तो नाकारू नये. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएममधील चार गटांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने काम करणाऱ्या गटांत प्रकाशनापूर्वीच्या दोषांची घनता ४० ते ९० टक्क्यांनी कमी आढळली, मात्र सुरुवातीचा विकासाचा वेळ व्यवस्थापकांच्या अंदाजानुसार १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे वेळ वाढतो, पण दुप्पट होत नाही. ते पगारी गट होते, आपले सहकारी शाळा-शेती सांभाळून रात्री काम करतात. म्हणून वाढलेल्या वेळेचा भार नवख्यावर न टाकता प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी उचलावा असे मला वाटते. कोणी चाचणीविना चांगली दुरुस्ती पाठवली तर ती परत करू नका; पहिली चाचणी त्याच्यासोबत बसून आपण लिहा, दुसरी तो लिहील. मी काम केलेल्या एका प्रकल्पात अशीच एक उपयुक्त दुरुस्ती ‘चाचणी नाही’ एवढ्या एका शेऱ्यावर अनेक महिने पडून राहिली आणि ती पाठवणारा विद्यार्थी पुन्हा आला नाही. त्याची मला आजही खंत आहे.

चाचण्या एका मिनिटाच्या आत संपल्या पाहिजेत आणि इंटरनेट नसतानाही चालल्या पाहिजेत, कारण वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसलेल्या गावांतून आपले लोक काम करतात. त्यासाठी हिशेबाचा कोड पडद्यापासून आणि डेटाबेसपासून वेगळा काढावा लागेल, आणि तो वेगळा निघाला की प्रणाली समजायलाही सोपी होईल. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोणी आपला बदल स्वीकारण्यासाठी पाठवला की, सर्व चाचण्या आपोआप चालतील अशी व्यवस्था करा. शिवाय विश्वासार्ह चाचणी हाती असली की कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची बायसेक्ट ही आज्ञा हजार कमिटांमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) बिघाड करणारा कमिट सुमारे दहा तपासण्यांत शोधून देते.

पडद्याचे रंग, बटणांच्या जागा किंवा एखादी कल्पना आजमावण्यासाठी लिहिलेला कच्चा कोड यांना ही अट लावू नका. कव्हरेजच्या, म्हणजे चाचण्यांत कोडच्या किती ओळी चालून गेल्या त्याच्या, टक्केवारीमागेही धावू नका : १० टक्के ओलाव्याच्या एका चाचणीने कपातीची ओळ ‘तपासलेली’ ठरते, पण १२ च्या सीमेवरची चूक तिथेच लपून राहते.

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा प्रकल्पात भाग घेण्याची इच्छा आहे, पण चूक दुरुस्त करण्याइतका कोड मला समजत नाही. केवळ नापास होणारी चाचणी लिहून पाठवली तर चालते का? (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : अवश्य चालते, आणि चूक नेमकी पुन्हा घडवून दाखवणारी चाचणी हाती आली की दुरुस्तीचे बरेचसे काम झालेले असते. गिटच्या स्वतःच्या चाचणीसंचातही ज्ञात पण अद्याप दुरुस्त न झालेल्या दोषांच्या चाचण्या तशी खूण करून ठेवण्याची सोय आहे. पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनात त्यासाठी ‘एक्सफेल’ ही खूण आहे. ती लावली की आपली चाचणी नापास होऊनही इतरांचे काम अडत नाही. तिच्यासोबत ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय जरूर वापरावा, म्हणजे पुढे कोणी तो दोष दुरुस्त केला की अनपेक्षितपणे उत्तीर्ण झालेली चाचणी स्वतःच इशारा देते आणि खूण काढून टाकता येते. चाचणीच्या नावातच अपेक्षित वर्तन लिहावे आणि दोषाच्या नोंदीचा क्रमांक शेजारी द्यावा.